रोप लावणे आणि वृक्ष वाढविणे



ओक हे नाव पुण्यात उच्चारले, तर शंभरांतील नव्वद लोकांच्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठेतील एखादे सद्गृहस्थ उभे राहतील; झाड उभे राहणार नाही. ज्या थोड्यांना झाड आठवेल, त्यांच्या मनात बंगल्याच्या फाटकापाशी लावलेला, कातरलेल्या पानांचा आणि नारिंगी तुऱ्यांचा सिल्व्हर ओक येईल. आणि तो तर ओकच नव्हे. ऑस्ट्रेलियातून आलेला तो निराळ्याच कुळातील वृक्ष आहे. खरा ओक आपल्या सह्याद्रीत निसर्गतः उगवत नाही. तो पाहावयाचा तर कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत जावे लागते. तेथे बांज नावाचा जो ओक आहे, त्याच्या पानांची खालची बाजू पांढुरकी असल्यामुळे त्याला पांढरा ओक असेही म्हणतात. आणि जेथे बांजाचे रान, तेथे झऱ्याला पाणी, अशी तेथील डोंगरी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

असे असता पुण्याच्या श्रोत्यांपुढे ओकचे नाव काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांस पडेल. प्रयोजन एवढेच की, कठीण लाकडाचा दीर्घायुषी वृक्ष आपले बालपण कसे घालवितो हे ओकच्या रोपावरून फार स्पष्ट दिसते. आणि ते एकदा ध्यानात आले, म्हणजे आपल्या उंबऱ्याशी असलेल्या कात्रजच्या डोंगरावर दरसाल लावलेल्या रोपांचे काय होते, व काय व्हावयास पाहिजे, हे कळू लागते.

अमेरिकेच्या पूर्व भागात जो पांढरा ओक वाढतो, त्याचे फळ शरद ऋतूत जमिनीवर पडते. पडल्यावर ते फार दिवस वाट पाहत नाही. हिवाळा सुरू होण्यापूर्वीच त्यातून एक मूळ निघते आणि सरळ जमिनीत शिरते. वर बर्फ पडते, सर्व काही निपचित होते. परंतु खालचे मूळ आपली जागा धरून बसलेले असते. पहिले पान उघडते ते पुढच्या वसंतात. वर्षअखेर ते रोप मोजले, तर जमिनीवर तीनचार इंचांची काडी आणि जमिनीखाली फूटभराहून लांब असे जाडसर सोटमूळ आढळते. ती काडी हरणाने खाल्ली किंवा उन्हाने करपली, तरी मूळ दुसरी काडी वर पाठविते. अशी काही वर्षे गेल्यावर, मुळाचे बळ पुरेसे झाले आणि वर उजेड मिळाला, म्हणजे मग तो ओक खऱ्या अर्थाने वाढू लागतो. भरघोस फळे धरावयास त्याला बहुधा पन्नाशी गाठावी लागते. पण मग तो तीनतीनशे वर्षेही उभा राहतो.

विलायतेत ओकला जे स्थान, ते आपल्याकडे सागाला आहे. इंग्रजांचे आरमार ओकच्या लाकडावर उभे होते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात हे लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी मुंबईच्या गोदीकडे नजर वळविली. वाडिया घराण्यातील कारागिरांनी 1817 साली येथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ नावाचे सागवानी लढाऊ जहाज अजूनही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. परंतु लाकूड तोडणारे राज्य शहाणे असेल, तर ते झाड वाढण्यास लागणाऱ्या काळाचाही हिशेब ठेवते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी हाच विचार मांडलेला आहे. आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी. परंतु ती एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या मुलांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, आणि एखादे जीर्ण झाड घेणेच झाले तर धन्याला राजी करून व मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ह्या ग्रंथाला झाडाच्या मोलाचे खरे माप सापडले होते. ते माप म्हणजे वर्षे.

आता आपण कात्रजकडे वळू. पुण्याच्या दक्षिणेस सिंहगडापासून पूर्वेकडे जी डोंगररांग येते, तिच्या कुशीत कात्रज वसले आहे. गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी डोंगर त्याच्या डोक्यावर तसाच उभा आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास येथील पाणी अडवून, बांधीव भुयारी नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले. पुणेकरांच्या कित्येक पिढ्या ह्या डोंगरावर पडलेला पाऊस प्यायल्या. त्याच डोंगरातून आंबिल ओढा निघतो आणि वस्तीतून वाट काढीत मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ह्याच ओढ्याने रौद्र रूप धारण केले, घरांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यापूर्वी जून 2013 मध्ये घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ, डोंगर फोडलेल्या जागेवरून महामार्गावर आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली होती.

झाडे असती तर हे पूर आलेच नसते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ढगफुटीसारखा पाऊस कोसळला असता रानही हात टेकते; आणि ओढ्याचे पात्र आक्रसले असेल, तर त्याचा दोष झाडांच्या अभावावर ढकलून चालणार नाही. परंतु ज्या उतारावर मुळांनी माती धरून ठेवली आहे, पालापाचोळ्याने पाण्याचा वेग मोडला आहे, त्या उताराचे पाणी सावकाश आणि निवळ उतरते, आणि उघड्या उताराचे पाणी माती घेऊन धावते, हे कोणत्याही पावसाळ्यात डोळ्यांनी पाहता येते. दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे काम पाहिलेले आणि 1847 साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांनी, राने तुटली म्हणजे झरे आटतात, ही गोष्ट त्या काळच्या सरकारच्या नजरेस आणून दिली होती. म्हणजे हे ज्ञान आपणांस नवीन नाही. कठीण जाते ते त्याप्रमाणे वागणे.

कात्रजच्या डोंगरावरचे मूळचे रान पानझडीचे आहे. पुण्यास वर्षाकाठी सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. पुढचे सातआठ महिने आकाश कोरडे. माती तर काळ्या खडकावर वीत-दोन वीत. अशा ठिकाणी साग, ऐन, धावडा, खैर, मोई, सालई, वारस, बेहडा, पळस, आपटा, बहावा ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, ती आपल्या मुळांच्या जोरावर.

ह्यांतील साग किंवा ऐन ह्यांच्या बाळरोपाचा जीवनक्रम पाहावा, म्हणजे ओकची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पावसाळ्यात रोप उगवते, चार पाने धरते. माघ-फाल्गुनात पाने गळतात, वैशाखात काडी वाळते. पाहणारा म्हणतो, मेले. पण पुढच्या मृगात त्याच जागी जमिनीतून नवा फुटवा येतो, आणि तो पहिल्यापेक्षा थोडा जाड असतो. असे दोन, तीन, कधी त्याहून अधिक वर्षे चालते. ह्या काळात रोप वाढतच नाही असे वाटते. वस्तुतः ते भरभर वाढत असते, मात्र आपल्याला न दिसणाऱ्या दिशेने. एके वर्षी मूळ खडकाच्या फटीतील ओलाव्यापर्यंत पोचते, आणि त्या साली आलेला फुटवा एका पावसाळ्यात पुरुषभर उंच जातो. लोक म्हणतात, हे झाड यंदा एकदम वाढले.

सागाची लागवड करणाऱ्यांनी ह्या गोष्टीचा मोठा चतुर उपयोग करून घेतला आहे. वर्षभराचे रोप उपटून त्याचा शेंडा आणि बारीक मुळे छाटून टाकतात, आणि वर आंगठ्याच्या पेराएवढा खुंट व खाली वीतभर सोटमूळ एवढेच ठेवून ते पहारीने केलेल्या भोकात ठोकून बसवितात. वनखात्यात ह्याला ‘स्टंप’ म्हणतात. ज्याला एकही पान नाही असा तो खुंट पाऊस पडताच फुटतो. कारण त्याची शिदोरी मुळात भरलेली असते.

येथेच आपल्या वृक्षारोपणाच्या उत्साहाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. कन्हैयालाल मुनशी ह्यांनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिना आला की गावोगाव रोपे लावली जातात. आपल्या राज्याने 2019 च्या पावसाळ्यासाठी तर 33 कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आपण मोजतो काय? खड्डे मोजतो, रोपे मोजतो, हार घातलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे मोजतो. पुढच्या वैशाखात त्या खड्ड्यात काय उरले, हे मोजावयास सहसा कोणी जात नाही.

‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार आपणा सर्वांस ठाऊक आहे. 1663 साली शिवाजी महाराजांनी लाल महालात शाएस्तेखानावर छापा घातला, तेव्हा बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे सोडले. मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडी पोचले, असे परंपरा सांगते. मोगलांना शत्रूने घाट दाखविला. आपण मात्र आकड्यांचे पलिते पेटवून आपले आपणच त्यांच्यामागे धावतो, आणि त्याच घाटातील रान निराळ्या वाटेने निघून जाते.

आकड्यांच्या मागे लागल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे झटपट वाढणाऱ्या झाडांचा मोह. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प किंवा उंदीरमारी पुण्याच्या अनेक टेकड्यांवर अशाच मोहातून लावले गेले. ते लवकर हिरवे दिसते हे खरे. पण ज्या टेकडीवर तेच ते एक झाड दाटले, तेथे खालचे गवत, वेली, झुडपे आणि त्यांवर जगणारे पक्षी व फुलपाखरे ह्यांना जागा उरत नाही. उलटपक्षी, प्रत्येक मोकळ्या जागी झाड लावलेच पाहिजे, हाही समज चुकीचा आहे. डोंगरमाथ्याच्या पातळ मातीवरचे गवत ही ओसाड जमीन नव्हे. तीही एक नांदती वस्ती आहे. झाडांना घळी, ओढ्यांचे काठ आणि मातीने भरलेले टप्पे द्यावेत, माथा गवताला सोडावा.

आता ज्यांना प्रत्यक्ष काही करावयाचे आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बियांची. काही बिया ओकच्या फळाप्रमाणे उतावीळ असतात. जांभूळ, आंबा, फणस ह्यांच्या बिया वाळवून डब्यात ठेवल्या, तर त्या मरतात. फळ खाल्ल्यावर लवकरात लवकर मातीत घालाव्यात. काही बिया उलट फार हट्टी असतात. सागाचे कठीण फळ रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात, असे आठदहा दिवस आळीपाळीने ठेवावे, म्हणजे त्याचे कवच सैल होते. मलबारात निलांबूर येथे 1840 नंतरच्या दशकात सागाची पहिली मोठी लागवड झाली, तेव्हा प्रारंभीचे प्रयत्न ह्या कवचापाशीच अडले होते. बहाव्याचे बी खरखरीत दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात ठेवावे. बी शक्यतो आपल्याच डोंगरावरच्या निकोप झाडांचे घ्यावे. आणि ते एकाच झाडाचे नसावे, दहापाच झाडांचे असावे.

दुसरी गोष्ट पिशवीची. रोप पिशवीत फार दिवस राहिले, की सोटमूळ तळाशी वेटोळे घालते. असे रोप उंच आणि टवटवीत दिसते, आणि म्हणूनच गिऱ्हाईक ते आधी उचलते. पण वेटोळे घातलेले मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही. दोनचार वर्षांनी झाड खुरटते किंवा वाऱ्याने कोलमडते. म्हणून रोपाची उंची न पाहता बुंध्याची जाडी पाहावी, लावताना पिशवी पूर्ण काढावी, आणि तळाशी वळलेले मूळ धारदार चाकूने छाटून टाकावे.

तिसरी गोष्ट वेळेची. खड्डा वैशाखातच खणून उन्हात तापू द्यावा. उतारावर समपातळी चर खणले, तर पाणी त्यांत जिरते आणि चराच्या बांधाशी लावलेल्या रोपाला मिळते. मृगाच्या पहिल्या शिडकाव्याने भुलून रोप लावू नये. जमीन वीतभर खोल ओली झाली, की मग विलंब करू नये. जुलैच्या मध्यापूर्वी लावलेल्या रोपाला मूळ खाली नेण्यास तीन महिने मिळतात. ऑगस्टअखेरीस समारंभाच्या सोयीने लावलेल्या रोपाला एकच. डोंगर बहुतांशी वनखात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा तेथे काम करावयाचे तर त्यांच्या अनुमतीने आणि सल्ल्याने करावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती लावण्याची नसून राखण्याची आहे. रोपाचे शत्रू दोन: शेळी आणि वणवा. शेळीला काटेरी कुंपण पुरते. वण्याव्याला मात्र सावधपणाच पाहिजे. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, आणि कोणी टाकलेली विडी किंवा नवे गवत चांगले यावे म्हणून मुद्दाम लावलेली काडी एका दुपारीत सारा उतार काळा करते. मुळाची शिदोरी पुरेशी असेल, तर रोप एकदोनदा जळूनही पुन्हा फुटते. पण दरसाल जळत राहिले, तर ती शिदोरी संपते. म्हणून माघापूर्वी लागवडीभोवती गवत काढून रुंद जाळरेषा ठेवावी, आतले गवत कापून रोपांच्या आळ्यांत पसरावे, आणि फाल्गुन ते वैशाख आळीपाळीने पाहणी ठेवावी. पुण्याच्या टेकड्यांवर पाण्याच्या बाटल्या घेऊन सकाळी चढणारी जी स्त्रीपुरुष मंडळी आहेत, त्यांनी हे काम न बोलता चालविले आहे. रोजच्या थोडथोड्या पाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. म्हणजे मूळ ओलाव्याच्या मागे खोल जाते.

आणि वाळलेली काडी उपटू नये. नखाने तिची साल बुंध्याशी किंचित खरवडून पाहावी. आत हिरवी रेघ दिसली, तर ते रोप जिवंत आहेच. ती न दिसली, तरी एक पावसाळा वाट पाहावी. मेलेले म्हणून उपटलेली कित्येक रोपे केवळ मुळाच्या कामात गढलेली असतात.

शेवटी एक सूचना करून आपली रजा घेतो. प्रत्येक शाळेने, सोसायटीने किंवा मित्रमंडळाने दरसाल शंभर रोपे लावण्याऐवजी एकदाच वीस लावावीत, आणि एक साधी वही करावी. तीत रोपाची जात, जागा आणि लावल्याची तिथी लिहावी, आणि पुढची पाच वर्षे वैशाखाच्या अखेरीस, म्हणजे उन्हाळ्याने आपली परीक्षा पुरी घेतल्यावर, जाऊन जिवंत रोपे मोजावीत. त्या वहीत आकडे लहान येतील. पहिल्या दोन वर्षांत उंचीच्या रकान्यात लिहिण्यासारखे फारसे काही मिळणारही नाही. पण पाचव्या वर्षी त्या वीसांतील जी बारा-पंधरा झाडे माणसाच्या डोक्यावर गेलेली दिसतील, ती कोणाच्या राखणीवाचूनही पुढील शंभर वर्षे कात्रजच्या डोंगराची माती धरून ठेवण्यास समर्थ होतील. कोणी विचारले की यंदा तुम्ही किती झाडे लावलीत, तर त्याला ती वही दाखवावी, आणि पाच वर्षांमागे लावलेल्यांपैकी किती उभी आहेत, एवढेच सांगावे.